घरी बसून दहावी, बीए आणि एक ‘गॅरंटी डिप्लोमा’: बेळगावातनं शिकणाऱ्या मोठ्या माणसांसाठी रिव्ह्यू

मार्क आधीच देऊन टाकते, कारणं मागनं. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची बीएची पुस्तकं, पाचपैकी साडेचार. एनआयओएस ह्या केंद्र सरकारच्या मुक्त शाळेची मराठीतली दहावी, ती पण साडेचार, आणि दोन्हीकडं जो अर्धा मार्क कापलाय तो महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा कापलाय, त्यांचा नाही. आणि आपल्या गावात एका कॉम्प्लेक्सच्या दुसऱ्या मजल्यावर ‘नो क्लास, नो टेन्शन, डिग्री गॅरंटी’ असा फ्लेक्स लावून बसलेलं जे दुकान आहे त्याला भोपळा. त्याचं नाव लिहीत नाही, फ्लेक्सवरचं नाव सारखं बदलतंय त्यामुळं लिहून उपयोग पण नाही.

हे लिहायला घेतलं कारण माझ्याकडं फॉल-पिकोला साडी टाकायला येणाऱ्या बायका हल्ली साडी बाजूला ठेवून ह्याच चौकशा करतात. अगं तू बीए केलीस म्हणे, मी पण करू काय, दहावी नापासला चालतंय काय, किती पैसे घेतात, आमच्या पोराला एकजण म्हणतोय सहा महिन्यात डिग्री काढून देतो ते खरं काय. प्रत्येकीला तेच तेच सांगून तोंड दुखायला लागलं म्हणून एकदाच सगळं लिहिते, आता लिंक पाठवायची आणि मशीन चालू करायची.

आधी माझं थोडक्यात. मी वडगावची, घरात माग आहेत, पुढच्या खोलीत माझं दुकान. एसएसएलसी म्हणजे कर्नाटकातली दहावी, ती मराठी शाळेतनं पास, मार्क पण बरे होते, पण पीयूसीला म्हणजे अकरावी-बारावीला घातलं नाही, का घातलं नाही ते आपल्याकडच्या बायकांना सांगायला नको. मग लग्न, पोरं, माग, दुकान. पोरगी कॉलेजला जायला लागल्यावर परत मनात आलं.

आता बेळगावातल्या मराठी माणसाला घरी बसून शिकायचं म्हटलं तर पहिला प्रश्न फीचा नसतोय, भाषेचा असतोय, आणि माझं तर स्पष्ट मत आहे की इथंच निम्मी माणसं चुकीच्या ठिकाणी पैसे भरतात. कन्नड बोलायला आपल्याला येतं, गिऱ्हाईकाबरोबर घासाघीस करायला तर एकदम फर्स्टक्लास येतं, पण तीन तास बसून कन्नडमधनं पेपर लिहायचा म्हटलं की हात चालत नाही. म्हैसूरचं कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठ १९९६ पासून आहे, आपल्याच राज्याचं, कन्नड आणि इंग्रजीतनं चालतं, ज्यांना ह्या दोन्हीतलं एक नीट लिहिता येतं त्यांनी खरंच आधी तिकडं बघावं, सीमा ओलांडायची भानगडच नाही. फक्त तिथली कुणाची जुनी डिग्री दाखवून कोण काय सांगत असेल तर साल बघा, कारण २०१३-१४ पासून काही वर्षं यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, मान्यता नव्हती आणि ती २०१८-१९ पासून परत मिळाली. इग्नू म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, १९८५ चं, देशभर कुठंही बदली झाली तरी चालतं हा त्याचा मोठा फायदा, मिलिटरीतल्या माणसांना आणि त्यांच्या बायकांना तेच सोयीचं, आणि आपल्याकडं मराठा सेंटर असल्यामुळं अशी घरं काही कमी नाहीत. पण तिथली बहुतेक पुस्तकं हिंदी नाहीतर इंग्रजी. माझं हिंदी सिरियलपुरतं.

राहिलं नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ. १९८९ सालचं, ब्रीदवाक्य ‘ज्ञानगंगा घरोघरी’, आणि बीएचं सगळं मराठीत, माहितीपुस्तिकेपासून प्रश्नपत्रिकेपर्यंत. माझ्यासारखी पीयूसी न झालेली असेल तर तिथं पूर्वतयारी म्हणून एक शिक्षणक्रम असतो, तो पास झालं की बीएच्या पहिल्या वर्षाला दार उघडतं. एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की ठेवा, पूर्वतयारी म्हणजे बारावी नव्हे. ती तिथल्याच पुढच्या प्रवेशासाठी असते. उद्या कुठल्या नोकरीच्या जाहिरातीत दहावी, बारावी आणि मग पदवी असं ओळीनं मागितलं असेल तर पूर्वतयारीचा कागद दाखवून बारावी झाली असं म्हणता येत नाही. ज्यांना नोकरीसाठीच करायचंय त्यांनी आधी बारावी उरकावी, मग बीए. मला नोकरी नको होती, शिकायचं होतं, मला चाललं.

आता पुस्तकांबद्दल, कारण साडेचार मार्क त्यालाच आहेत. साध्या कॉलेजच्या पुस्तकात आणि ह्या पुस्तकात फरक काय तर हे पुस्तक लिहिणाऱ्याला माहिती आहे की वाचणाऱ्याच्या शेजारी मास्तर बसलेला नाही. प्रत्येक घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टं दिलेली, म्हणजे हा घटक वाचून झाला की तुम्हाला काय काय सांगता आलं पाहिजे ते. मग प्रास्ताविक, मग विषय-विवेचन, आणि मधेमधे स्वयं-अध्ययन प्रश्न. दोन-तीन पानं वाचली की प्रश्न येतो, रिकामी जागा भरा नाहीतर एका वाक्यात सांगा, आणि उत्तरं घटकाच्या शेवटी. शेवटी सारांश, अवघड शब्दांचे अर्थ, सरावाचे स्वाध्याय, क्षेत्रीय कार्य आणि आणखी काय वाचायचं त्याची यादी. ब्लाउजचं पेपर कटिंग असतं की, कुठं कापायचं, कुठं शिलाई सोडायची आधीच आखून दिलेलं, तसं. मी तर पुस्तक मशीनच्या डाव्या अंगाला उभं करून ठेवायची, एक साडी पिको झाली की एक पान. माझ्यासारख्या मधनंच उठावं लागणाऱ्या माणसाला हे तुकडे फार उपयोगाचे, मागच्या खोलीत माग खडखडतोय, पुढं गिऱ्हाईक हाक मारतंय, अशात सलग वीस पानं कोण वाचणार.

अर्थशास्त्राचं सांगते. मागणीची लवचिकता म्हणून एक भाग होता, पहिल्यांदा वाचला तेव्हा डोक्यावरनं गेला, व्याख्या म्हणजे एकदम सरकारी मराठी. पण खालचा प्रश्न सोडवायला घेतला आणि एकदम लक्षात आलं की हे तर माझं दुकान आहे. लग्नसराईत मी फॉल-पिकोचा दर वाढवला तरी बायका येतातच, लग्न तोंडावर आहे, जाणार कुठं, आणि आषाढात दर कमी केला तरी कुत्रं फिरकत नाही. म्हणजे दरापेक्षा गरज किती अडलेली आहे त्यावर गिऱ्हाईक ठरतं. मग घरात विषय काढला तर हे म्हणाले मागाचं पण तसंच, पण उलटं, आपल्या साडीला पर्याय शंभर त्यामुळं व्यापाऱ्यानं दर पाडला तरी आपण अडूनच देतो. त्या दिवशी जेवताना आमच्या घरात अर्थशास्त्रावर भांडण झालं, असं आधी कधी झालं नव्हतं. ह्याच्यासाठी मी आणखी अर्धा मार्क दिला असता, पण मग पाच होतील आणि लोक म्हणतील पैसे घेऊन लिहिलंय.

भाषा थोडी जड आहे हे खरं, ‘समंत्रक’, ‘संपर्कसत्र’, ‘शिक्षणक्रम’ असले शब्द पहिल्या महिन्यात दचकवतात. समंत्रक म्हणजे शिकवणारे सर, संपर्कसत्र म्हणजे रविवारचा तास, एवढं कळलं की झालं. संपर्कसत्राला जमेल तेवढं जाच, पेपर कसा लिहायचा ते तिथं कळतं. मोठ्या माणसांचा घोटाळा उत्तर न येण्यात नसतोय, येतं ते किती लिहायचं ह्यात असतोय. एका बाईंनी पाच मार्काच्या प्रश्नाला चार पानं लिहिली आणि वेळ संपला. गृहपाठ पण हातानं लिहायचा असतो, आणि ज्यांचा पेनचा हात सुटलाय त्यांना गृहपाठ हाच खरा सराव. आमच्या वेळी २० मार्क गृहपाठाला आणि ८० लेखीला असं होतं, आता नव्या शैक्षणिक धोरणानं सत्र पद्धत आणि विषयांची मांडणी बदलत चाललीय, त्यामुळं माझं ऐकून विषय निवडू नका, ज्या वर्षी घालताय त्या वर्षीची माहितीपुस्तिका उतरवून घ्या आणि ती आधी वाचा. बऱ्याच पुस्तकांच्या पीडीएफ पण मिळतात, पण आमच्यासारख्यांनी मोबाईलवर वाचायच्या फंदात पडू नये, वरनं मेसेज आला की अभ्यास गेला.

बरं आता तो अर्धा मार्क. राज्याच्या मुक्त विद्यापीठाला आपल्या राज्याबाहेर केंद्र काढता येत नाही, यूजीसीचा नियमच तसा आहे. म्हणजे नाशिकवाल्यांचं केंद्र बेळगावात नाही आणि होणार पण नाही, मराठी माणसं कितीही असूदेत. मग काय, सीमेपलीकडं जायचं. बेळगावकरांना वेंगुर्ला रोडनं हिंडलगा, सुळगा, बाची करत शिनोळी, तिथनं महाराष्ट्र चालू, पुढं चंदगड. निपाणीवाल्यांना कागल जवळ, कागवाड-अथणीकडच्यांना मिरज. हाल खानापूरवाल्यांचे, त्यांना आधी बेळगावला यायचं मग पुढं. जवळचं केंद्र कुठलं ह्याच्या आधी हे बघा की तुम्हाला हवा तो शिक्षणक्रम त्या केंद्रात चालतो का, प्रत्येक केंद्रात सगळं नसतं, आणि परीक्षेचं ठिकाण केंद्रापेक्षा वेगळं येऊ शकतं.

बसचं गणित तर मजेशीर. २०२३ च्या मार्चपासून महाराष्ट्राच्या लाल गाडीत बायकांना त्यांच्या हद्दीत अर्धं तिकीट, त्याच वर्षी जूनपासून कर्नाटकाच्या साध्या गाडीत बायकांना फुकट. म्हणजे दोन सरकारं आमच्यावर खूश, फक्त दोघांमधला रस्ता मधनंच बंद होतोय. सीमाप्रश्न पेटला की पहिली बंद होते ती बस, २०२२ च्या डिसेंबरात बघितलंच की सगळ्यांनी, दगडफेक काय, काळं फासणं काय, दोन्हीकडच्या गाड्या थांबल्या. त्यामुळं परीक्षेच्या काळात बसवर एकट्यावर विसंबू नका, शेजारच्या कुणाची टू-व्हीलर, शिनोळीच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्यांची व्हॅन, काहीतरी बोलून ठेवा. आम्ही चार बायका मिळून वडाप, म्हणजे भाड्याची गाडी, ठरवायचो आणि जाताना एकमेकीला प्रश्न विचारायचो, खरं सांगायचं तर निम्मा अभ्यास त्या वडापमध्येच झालाय, ड्रायव्हरला पण १८५७ च्या उठावाची कारणं पाठ झाली.

कागदपत्रांचं वेगळं सांगते कारण तिथं सगळ्या अडकतात. मार्क्स कार्डवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, हे तर ठरलेलंच, त्याला लग्नाचं सर्टिफिकेट, अ‍ॅफिडेव्हिट नाहीतर गॅझेट लागतं. पण आपल्याकडं ह्याच्यावर आणखी एक आहे. कर्नाटकात नाव कन्नडवरनं इंग्रजीत जातं तेव्हा गीता, लता, सविता ह्यांच्या स्पेलिंगमध्ये बऱ्याचदा टीच्या पुढं एच येतो. महाराष्ट्रात तो एच नसतो. मग मार्क्स कार्डवर एच आहे, आधारवर नाही, बँकेत परत आहे, आणि फॉर्म भरणारा पोरगा स्वतःच्या सवयीनं तिसरंच टाकतो. पूर्वी हे खपून जायचं. आता २०२४ पासून डिस्टन्सला प्रवेश घ्यायचा तर यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा, म्हणजे डेबचा, आयडी काढावा लागतो, तो क्रेडिट बँकेच्या, म्हणजे शिकलेल्याचे श्रेयांक जमा ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या, आयडीला जोडलेला आणि ते सगळं आधारला जोडलेलं, तिथं एक अक्षर इकडचं तिकडं झालं की गाडी अडते. तेव्हा प्रवेश सुरू व्हायच्या दोन महिने आधीच कर्नाटक वन ह्या सरकारी सेवा केंद्रात जाऊन आधारवरचं नाव मार्क्स कार्डसारखं करून घ्या, ऐनवेळी तिथं रांग लावून रडण्यात अर्थ नाही. बोर्ड बदलून जाताय म्हणून मायग्रेशन सर्टिफिकेट पण मागू शकतात, शाळेत विचारून ठेवा, जुन्या शाळेतले क्लार्क रिटायर झालेले असतात आणि नवीन लोकांना रजिस्टर सापडत नाही.

आता आमच्या जाऊबाईंची दहावी. त्या एसएसएलसीला गणितात गेलेल्या, तेव्हापासून आकडा दिसला की पदर डोक्यावर. त्यांना मी एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था दाखवली, ही केंद्र सरकारची, ही पण १९८९ चीच, आणि देशभर चालते म्हणून हिला सीमा आडवी येत नाही, प्रवेश ऑनलाइन. मोठ्या माणसाच्या दृष्टीनं हिची सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे दहावीला गणित सक्तीचं नाही. पाच विषय घ्यायचे, त्यात कमीत कमी एक भाषा आणि जास्तीत जास्त दोन, बाकी तुमच्या आवडीचे. जाऊबाईंनी मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषा घेतल्या, सामाजिक शास्त्र, गृहविज्ञान आणि चित्रकला. रांगोळीत त्यांचा हात असा की गल्लीतल्या गणपतीसमोर दरवर्षी त्यांचीच असते, चित्रकलेत मार्क मिळवायला त्यांना कुणी शिकवायची गरजच नव्हती. आणि कन्नड घेतल्यावर घरात सगळे हसले, पण मागावर काम करणाऱ्या कन्नड बायकांबरोबर त्यांची रोजची ऊठबस, त्यांनी त्यांच्याकडनंच धडे वाचून घेतले. मराठी शाळेतली बाई कन्नडचा पेपर देऊन पास, आता बँकेत फॉर्म भरायला आम्ही त्यांना घेऊन जातो.

पासिंग ३३ टक्के, एकदा नाव घातलं की पाच वर्षं आणि नऊ संधी, म्हणजे एका झटक्यात पाच विषय द्यायची सक्ती नाही, ह्या वेळी दोन, पुढच्या वेळी तीन असं करता येतं. परीक्षा वर्षातनं दोनदा, एप्रिल-मेच्या सुमारास आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास. मागाच्या घरात हे फार बरं, लग्नसराईचा हंगाम असला तर दिवाळीनंतरचा धरायचा. २० टक्के वजन गृहपाठाला, त्याला टीएमए म्हणतात, तो टाळू नका, फुकटातले मार्क आहेत. नुकतंच एसएसएलसीला एक-दोन विषयात गेलेलं पोरगं असेल तर पास झालेल्या जास्तीत जास्त दोन विषयांचे मार्क इकडं वळते करून घेता येतात, ते फॉर्म भरतानाच बघायचं. फॉर्म भरताना माध्यम मराठी निवडलंय ना ते स्वतः स्क्रीनवर बघून घ्या, सायबर कॅफेतला पोरगा घाईत इंग्रजी टिक करतो. आणि सगळ्या विषयांची पुस्तकं मराठीत आहेतच असं धरून चालू नका, विषय ठरवायच्या आधी तेवढं तपासा. गृहविज्ञान आणि चित्रकलेला प्रॅक्टिकल पण असतं हे लक्षात असूदे.

वयाचं विचाराल तर दहावीला चौदा पूर्ण पाहिजेत, वरची मर्यादा नाही. जाऊबाईंच्या केंद्रावर नातवाला घेऊन आलेली आजी होती, नातू बाहेर बसला आणि आजी आत पेपर लिहीत होती.

आता ते दुसऱ्या मजल्यावरचं दुकान, ह्याच्यासाठीच खरं तर एवढं लिहायला बसले. आमचा भाचा उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये आहे, आयटीआय झालेला, सुपरवायझर व्हायचं तर डिप्लोमा पाहिजे असं त्याला शेठनी सांगितलं. दुकानवाल्यानं त्याला सांगितलं मेकॅनिकल डिप्लोमा डिस्टन्सनं, एका वर्षात तिन्ही वर्षं, सर्टिफिकेटवर जुनी तारीख घालून देतो. अ‍ॅडव्हान्स देऊन आल्यावर पोरगं मला सांगतंय. मी त्याला घेऊन परत वर गेले. काचेचं केबिन, भिंतीवर कसल्या कसल्या लोगोंचे स्टिकर, टेबलावर लॅमिनेट केलेली सर्टिफिकेटं पसरलेली, लग्नाच्या पत्रिकेचे नमुने दाखवतात तशी. मी एकच विचारलं, सर परीक्षा कुठं असते. तर म्हणे, “परीक्षेचं आम्ही बघतो की ताई, तुम्ही टेन्शन घेऊ नका.” पुस्तकं कुठली तर म्हणे “पीडीएफ येईल.” पावती मागितली तर पावतीवर विद्यापीठाचं नाव नाही, नुसतं ‘सर्व्हिस चार्ज’. तिथंच सगळं कळलं. अ‍ॅडव्हान्स काही परत मिळाला नाही, उद्या या, सर गावाला गेलेत, हेच चालू आहे.

त्या भाच्यासारखी पोरं उद्यमबागेत आणि मच्छे-नावगेकडं कितीतरी आहेत म्हणून स्पष्ट लिहिते. इंजिनिअरिंग पत्रानं, डिस्टन्सनं होत नाही. सुप्रीम कोर्टानं ३ नोव्हेंबर २०१७ ला ह्यावर निकाल दिलाय, काही अभिमत विद्यापीठांनी २००१ ते २००५ च्या प्रवेशातनं पत्रव्यवहारानं दिलेल्या इंजिनिअरिंगच्या पदव्या त्यात लटकल्या, मोठमोठ्या नोकरीतली माणसं परत परीक्षेला बसायची पाळी आली. डॉक्टरकी, नर्सिंग, वकिली ह्या पण डिस्टन्सनं देता येत नाहीत, कुणी देतो म्हणाला तर चप्पल घालून सरळ खाली या. आयटीआयवाल्याला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला लॅटरलनं, म्हणजे थेट, रेग्युलर प्रवेशाचा रस्ता आहे, पॉलिटेक्निकमध्ये जाऊन विचारा, वेळ जाईल पण कागद खरा असेल.

तसंच उलट्या बाजूनं पण घाबरवणारी माणसं आहेत. बाहेरनं केलेली डिग्री चालत नाही, ती डिग्रीच नव्हे, असं मला पण गल्लीत दोघातिघांनी सांगितलं. यूजीसीनं २०२२ च्या सप्टेंबरात लेखी सांगितलंय की मान्यता असलेल्या संस्थेतनं डिस्टन्सनं घेतलेली पदवी रेग्युलर पदवीच्या बरोबरीची. फक्त ती मान्यता त्या संस्थेला, त्या शिक्षणक्रमाला आणि त्या वर्षाला आहे का हे यूजीसीच्या डेबच्या वेबसाइटवर दिसतं, पाच मिनिटांचं काम आहे, पैसे भरायच्या आधी करा. महाराष्ट्रातल्या सरकारी विद्यापीठाची पदवी कर्नाटकात पदवीच असते. पण कर्नाटक सरकारच्या नोकरीला कन्नड यावंच लागतं, बीए मराठीतनं केलं म्हणून ते माफ होत नाही, तिथं मग जाऊबाईंसारखं कन्नड आधी उरकून ठेवलेलं बरं.

कुणी करू नये ते पण सांगते. ज्यांना रोज कुणीतरी बस म्हटल्याशिवाय पुस्तक उघडवत नाही त्यांनी पैसे वाया घालवू नयेत, त्यांना नाईट कॉलेज नाहीतर क्लास बरा. घरात जागा नसेल तर शहरातलं सार्वजनिक वाचनालय आहे, तिथं बसून वाचायला कुणी हाकलत नाही, आणि घरी कुकरची शिट्टी मोजायला लागत नाही. बायकांना एक सांगते, घरच्यांना आधी सांगून ठेवा की परीक्षेच्या आठवड्यात भाकरी विकतची येणार. आमच्याकडं आली, कोणी मेलं नाही.

फीचं मुद्दाम लिहीत नाही, दरवर्षी बदलते आणि माहितीपुस्तिकेत छापलेली असते. त्यापेक्षा एक रुपया जास्त कुणी मागितला तर कशाचा म्हणून विचारा आणि पावती घ्या. फॉर्म भरून देणाऱ्याला त्याची मजुरी द्या की, तो पण पोटासाठीच बसलाय, पण पासवर्ड, ओटीपी आणि रजिस्टर मोबाईल नंबर तुमचाच पाहिजे. एका केंद्रातल्या ओळखीच्या मुलीचा नंबर फॉर्म भरणाऱ्यानं स्वतःचा टाकला होता, हॉल तिकिटाचा मेसेज त्याला गेला आणि तो गावाला होता.

पुढं एमए मराठी करायचं म्हणतेय, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं दूरशिक्षण आहे, बघू, आधी पोरीचं लग्न. माझी पूर्वतयारीची आणि पहिल्या वर्षाची पुस्तकं दुकानात कपाटावर आहेत, अभ्यासक्रम बदलला असला तरी वाचायला कशी असतात ते बघायला वडगाव-शहापूरकडच्या कुणाला पाहिजेत तर घेऊन जा. पेननं रेघा मारलेल्या आहेत, अर्थशास्त्राच्या पुस्तकात मधनं साड्यांचा हिशोब पण लिहिलाय, त्यातल्या दोघींचे पैसे अजून यायचे आहेत तेव्हा ते पान तेवढं फाडू नका.